अक्षर किती मोठे, हे वाचणाऱ्याला ठरवू द्या

शिरोळ तालुक्यातल्या घराघरांत पावसाळ्यात दोन आकडे तोंडपाठ असतात : ३९ आणि ४३. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर आली की इशारा पातळी, ४३ फुटांवर गेली की धोका पातळी. तेच पाणी पुढे आमच्या तालुक्यात येते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाही फुगलेली असली की दोन्ही नद्यांचे पाणी आधी उसात, मग गल्लीत आणि शेवटी उंबऱ्याच्या आत शिरते. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही मोबाइल उशाशी घेऊनच झोपतो.

अशाच एका पावसाळी रात्री दोनच्या सुमाराला माडीच्या जिन्यावर काहीतरी ओढल्याचा आवाज झाला आणि आम्ही दचकून उठलो. पाहतो तर अम्मी कागदपत्रांची लोखंडी ट्रंक एकेक पायरी वर चढवत होत्या. वय ७२, गुडघे दुखरे, आणि ट्रंक दोघांनी उचलावी अशी. आम्ही ट्रंक धरली आणि विचारले, “अम्मी, काय झालं?” त्या म्हणाल्या, “अरे, एकोणपन्नास फूट झालंय, आणि तुम्ही झोपलाय!”

आम्ही त्यांच्या हातातला मोबाइल पाहिला. पाणीपातळीचा तक्ता उघडलेला होता. आकडा ४९ नव्हता, ४१ होता. देवनागरीतला १ आणि ९ बारीक अक्षरांत किती जवळचे दिसतात, हे त्या रात्री आम्हाला कळले. अम्मींनी दोन बोटांनी पान मोठे करायचा प्रयत्न केला होता, पण ते हललेसुद्धा नव्हते. चष्मा पुसून, मोबाइल लांब धरून, जवळ धरून त्यांनी जे दिसले ते वाचले.

पाणी आले नव्हते, याचा आम्हाला आनंद झाला. अम्मींना तेवढा झाला नाही. खाटेवर बसून त्या म्हणाल्या, “पाण्याची भीती नाही वाटली. पण एक आकडा वाचायलासुद्धा तुम्हाला उठवायचं? एवढी मोहताज झाले मी?”

मोहताज हा शब्द आमच्या घरात हलक्याने उच्चारला जात नाही. हात-पाय चालते आहेत तोवर कुणावर अवलंबून राहायला लागू नये, एवढीच बुजुर्गांची दुआ असते. त्यामुळे या महिन्यात आम्ही एका अगदी लहान दिसणाऱ्या गोष्टीबद्दल लिहीत आहोत : मोबाइलच्या आणि संगणकाच्या पडद्यावरचे अक्षर किती मोठे असावे, आणि ते ठरवायचे कुणी?

चाळिशीचा हिशेब

मराठीत वाचायच्या चष्म्याला चाळिशी म्हणतात. चाळिशीच्या आसपास डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे अक्षर पुसट दिसू लागते. हा आजार नव्हे, वयाचा हिशेब आहे, आणि तो आज ना उद्या सगळ्यांना द्यायचा आहे. पुढे त्यात मोतीबिंदूची भर पडते, काहींना मधुमेहाने डोळ्यांचा त्रास होतो.

कागदावर याला एकच उपाय होता. आमच्या घरात कुरआन शरीफच्या दोन प्रती आहेत. एक नेहमीची आणि एक खास मोठ्या अक्षरांची. ही दुसरी अब्बांनी त्यांच्या अम्मींसाठी आणली होती. आता ती आमच्या अम्मींच्या रेहलवर असते. छापलेले अक्षर एकदा छापले की छापले. ते वाढत नाही. म्हणून मोठ्या अक्षरांसाठी दुसरे पुस्तकच घ्यावे लागते.

पडद्यावरच्या अक्षराचे तसे नाही. तिथे अक्षर उघडताक्षणी नव्याने रेखले जाते. तेच पान नातवाला लहान आणि दादीला मोठे दिसू शकते. त्यासाठी दुसरी प्रत लागत नाही, जास्तीचा पैसा लागत नाही. फक्त पान बनवणाऱ्याने अक्षराचे माप योग्य पद्धतीने लिहिलेले असावे लागते. आणि नेमके तिथेच बहुतेकांचे चुकते. आमच्या लेकीचेही चुकले होते.

घरातच सापडलेली चूक

लेक जयसिंगपूरला बी.सी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. मोहल्ल्यातल्या पोरांसाठी तिने पुराच्या दिवसांचे एक पान बनवले होते. बोट कुणाकडे आहे, कोणत्या शाळेत निवारा असतो, जनावरे कुठे हलवायची, रात्री कोणत्या नंबरवर फोन लावायचा, अशी सगळी उपयोगाची माहिती. सगळ्यांनी तिचे कौतुक केले होते. ट्रंकेच्या प्रसंगानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोठ्या उत्साहाने ते पान संगणकावर अम्मींना दाखवायला बसली. अम्मींनी मान पुढे काढून पाहिले आणि म्हणाल्या, “अगे बेटा, ये अच्छरां हैं की मुंग्यां?”

लेकीला वाटले, संगणकाची अक्षरे मोठी केली की झाले. तिने क्रोम ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन फॉन्ट साइज ‘मीडियम’ होती ती ‘व्हेरी लार्ज’ केली. बातम्यांचे एक पान उघडले, ते मोठे झाले. विश्वकोशाचे एक पान उघडले, तेही मोठे झाले. स्वतःचे पान उघडले. ते जसेच्या तसे! तिने पुन्हा उघडले, तरी मुंग्या त्या मुंग्याच. तिचा चेहरा उतरला. आदल्या रात्री ज्या पानावर आम्ही चिडलो होतो, तीच चूक आमच्याच घरातल्या पानात निघाली.

कारण साधे होते. तिने सगळीकडे अक्षराचे माप पिक्सेलमध्ये लिहिले होते : मजकूर १२ पिक्सेल, फोन नंबर १३ पिक्सेल, मथळा २० पिक्सेल. हे माप ठाम असते. वाचणाऱ्याने ब्राउझरला सांगून ठेवलेले असते की मला अक्षर मोठे हवे. पण पान म्हणते, मला १२च सांगितलेत, मी १२च देणार.

वाटीचे माप आणि पटीचे माप

हे आम्ही अम्मींना स्वयंपाकघराच्या भाषेत सांगितले, आणि त्यांना ते आमच्या आधी समजले.

पुलाव शिकवताना कुणी म्हणाले की ‘चार वाट्या पाणी घाला’, तर ते दोन वाट्या तांदळापुरतेच खरे. घरात आठ पाहुणे आले, तांदूळ वाढवला आणि पाणी तेवढेच ठेवले, तर भात कच्चा राहणार. पण ‘तांदळाच्या दुप्पट पाणी’ असे सांगितले, तर चौघांसाठी करा नाहीतर वलिम्याच्या देगेत करा, हिशेब जुळतो. पहिले ठाम माप, दुसरे पटीचे माप. पिक्सेल हे ठाम माप आहे. अक्षरासाठी लागते ते पटीचे माप.

पट कशाची धरायची? जवळजवळ प्रत्येक ब्राउझरमध्ये साध्या मजकुराचा मूळ आकार १६ पिक्सेल ठरलेला असतो. कागदाच्या भाषेत हे साधारण १२ पॉइंट. हा मूळ आकार वाचणाऱ्याला बदलता येतो. क्रोममध्ये ‘लार्ज’ केले की तो २० होतो, ‘व्हेरी लार्ज’ केले की २४. पान बनवणाऱ्याने या मूळ आकाराच्या पटीत माप लिहायचे, एवढेच तत्त्व.

या पटीच्या मापांत दोन महत्त्वाची आहेत, एम आणि रेम. एम हे छापखान्यातले जुने माप. शिशाचे खिळे जुळवणारे जुळारी ते वापरत. ज्या आकाराचा टाइप, तेवढाच त्याचा एम. पानांच्या सजावटीची जी भाषा आहे, सीएसएस, तिचा पहिला प्रमाण आराखडा डिसेंबर १९९६ मध्ये आला. त्यात एम आणि टक्के दोन्ही होते. म्हणजे ही सोय नवी नव्हे, वापरणारे कमी.

एममध्ये एक खोच आहे. तो आपल्या लगतच्या बाहेरच्या चौकटीतल्या अक्षराची पट धरतो. समजा यादीला ०.८ एम असे माप दिले. १६चे १२.८ झाले. त्या यादीच्या आत आणखी एक यादी असेल तर १२.८ची ०.८ पट, म्हणजे १०.२४. तिच्याही आत तिसरी यादी आली तर ८.१९. आतले आत अक्षर झिजत जाते.

रेम या मापात हा घोळ नाही. तो मधल्या कुणाला विचारत नाही, थेट पानाच्या मुळाशी असलेल्या आकाराची पट धरतो. कुठेही लिहा, १ रेम म्हणजे मूळ आकाराएवढा. २०११ च्या सुमारापासून सगळ्या प्रमुख ब्राउझरना हे माप समजते. म्हणून आज सरळ सल्ला असा : अक्षरासाठी रेम, आणि अक्षराबरोबर वाढायला हव्यात अशा जवळच्या गोष्टींसाठी, उदाहरणार्थ बटणाच्या आतली मोकळी जागा, एम.

लेकीने वहीत एक छोटा तक्ता केला. १४ पिक्सेलचे ०.८७५ रेम, १६चे १, १८चे १.१२५, २०चे १.२५, २४चे १.५, ३२चे २. पिक्सेलला १६ने भागायचे, बस. मग तिने मजकूर १.१२५ रेम केला, फोन नंबर १.५ रेम, मथळा २ रेम. ‘व्हेरी लार्ज’ करून पान उघडले. मजकूर २७ पिक्सेलचा झाला, फोन नंबर ३६चे. अम्मींनी खुर्चीत मागे टेकून बसल्या जागेवरून बोटवाल्याचा नंबर मोठ्याने वाचला, शेवटच्या आकड्यापर्यंत.

“झूम आहे की!”

लेक कॉलेजची. ती सहज मानणारी नाही. तिने विचारले, “कंट्रोल आणि अधिकचे बटण दाबले की पिक्सेलवाले पानही मोठे होतेच. मग एवढा खटाटोप कशाला?”

प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवे. आजच्या ब्राउझरमध्ये झूम केल्यावर पिक्सेलमधली अक्षरेही वाढतात. पूर्वी असे नव्हते. २००१ साली आलेल्या इंटरनेट एक्सप्लोरर ६ मध्ये मेनूतून अक्षर वाढवायची सोय होती, पण पिक्सेलमध्ये लिहिलेले अक्षर तिला दाद देत नसे. २००६ च्या पुढच्या आवृत्तीत पूर्ण पान मोठे करायची सोय आली आणि पान बनवणाऱ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. आता झूम आहे, मग आपण काहीही लिहिले तरी चालते, असा समज तेव्हापासून पसरला.

पण ज्याने एकदा सेटिंगमध्ये सांगून ठेवले आहे की मला मोठे अक्षर लागते, त्याला प्रत्येक पानावर पुन्हा झूम करायला का लावायचे? दस्तरखानावर बसलेल्या पाहुण्याने एकदा सांगितले की मला तिखट चालत नाही, तर प्रत्येक पदार्थाच्या वेळी त्याने पुन्हा सांगावे, अशी आपण अपेक्षा ठेवत नाही. शिवाय झूम करणे हे माहीत असावे लागते, आणि ज्यांना त्याची गरज जास्त, त्यांनाच ते बहुधा माहीत नसते. वर झूममध्ये चित्रे, पट्ट्या, जाहिराती सगळेच वाढते. वाचायचे असते ते फक्त अक्षर.

मोबाइलवर आणखी एक दुखणे आहे. काही पाने बनवणारे दोन बोटांनी मोठे करण्यावरच बंदी घालतात. पानाच्या डोक्यावर एक ओळ लिहिली की ही बंदी लागू होते. आपली रचना बिघडू नये, एवढाच त्यामागचा विचार. अम्मींनी त्या रात्री बोटे फिरवली आणि पान हलले नाही, ते त्यामुळे. लेकीच्या पानातही ही ओळ कुठूनतरी उचललेली होती. तिने ती पुसून टाकली.

माप बदलले तरी काम संपत नाही

पिक्सेलचे रेम केले की सगळे सुरळीत होईल, असे आम्हाला वाटले होते. तसे झाले नाही. अक्षर वाढले आणि नवे घोटाळे दिसू लागले. ज्यांच्या घरात कुणी हे काम शिकत आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

पहिला घोटाळा चौकटींचा. लेकीने प्रत्येक बटणाची उंची ४० पिक्सेल अशी बांधून ठेवली होती. अक्षर मोठे होताच वरची वेलांटी आणि खालचा उकार कापला गेला. आपल्या लिपीत शिरोरेषेच्या वर मात्रा, रफार आणि अनुस्वार असतात, खाली उकार. इंग्रजी अक्षरापेक्षा तिला वर-खाली जास्त जागा लागते. म्हणून उंची बांधायची नाही. फार तर ‘कमीत कमी एवढी’ असे सांगायचे आणि पुढे चौकटीला मजकुराबरोबर वाढू द्यायचे.

दुसरा घोटाळा दोन ओळींमधल्या अंतराचा. ते तिने २० पिक्सेल दिले होते. अक्षर २७चे आणि ओळ २०ची, म्हणजे ओळी एकमेकींवर चढल्या. हे अंतर लिहिताना कोणतेच माप जोडू नये, नुसता आकडा लिहावा : १.६ म्हणजे अक्षराच्या १.६ पट. मग अक्षर कितीही वाढो, अंतर त्याच्याबरोबर वाढते. मराठीला १.६ ते १.७ आम्हाला ठीक वाटले. पानाच्या शेवटी लेकीने उर्दूतही दोन ओळी लिहिल्या होत्या. नस्तालीक लिपीतला शब्द तिरका उतरत येतो, त्याला हे अंतर पुरेना. नोटो नस्तालीक उर्दू या फॉन्टसाठी आम्ही दुपटीहून थोडे अधिक ठेवले, तेव्हा नुक्ते वरच्या ओळीला भिडायचे थांबले. एकाच घरात दोन लिप्या वाचल्या जात असतील, तर प्रत्येकीला तिच्या गरजेची जागा द्यावी लागते.

तिसरी गोष्ट तिच्या वर्गातल्या मुलांची आवडती. अक्षराचे माप पडद्याच्या रुंदीच्या टक्क्यांत द्यायचे. मोठ्या पडद्यावर मथळा आपोआप मोठा, लहान पडद्यावर लहान. दिसायला छान. पण फक्त एवढेच लिहिले तर झूम करूनही ते अक्षर वाढत नाही, कारण पडद्याची रुंदी तीच राहते. वापरायचेच असेल तर त्यात रेम मिसळावा आणि क्लॅम्प नावाच्या सोयीने खालची-वरची मर्यादा रेममध्येच घालावी.

हिशेब सोपा व्हावा म्हणून मूळ आकार ६२.५ टक्के करण्याची एक जुनी युक्ती आहे. १६चे ६२.५ टक्के म्हणजे बरोबर १०, म्हणून पुढचे भागाकार तोंडी होतात. रिचर्ड रटर यांनी ती २००४ साली मांडली, तेव्हा एमसाठी. वाचणाऱ्याची निवड ती मोडत नाही, पण नंतर मजकूर पुन्हा १६वर आणायला विसरलो तर सगळे पान बारीक होते. लेकीने ती टाळली. १६ने भागणे एवढे अवघड नाही, असे ती म्हणाली. एक मात्र कधीच करू नये : पानाच्या मुळालाच १६ पिक्सेल असे ठाम माप द्यायचे नाही. तसे केले की पुढे सगळीकडे रेम लिहिले असले तरी वाचणाऱ्याची निवड मुळातच खुंटते.

चौथी गोष्ट चित्रातल्या मजकुराची. मोहल्ल्यातल्या कितीतरी सूचना फोटोच्या रूपात फिरतात. त्यातले अक्षर कोणत्याही सेटिंगने वाढत नाही, आणि ओढून मोठे केले तर फाटते. महत्त्वाचा मजकूर नेहमी अक्षरांत लिहावा.

आणि पिक्सेल अगदी हद्दपार करायचा का? नाही. चौकटीची बारीक रेघ १ पिक्सेलची राहिली तर कुणाचे काही अडत नाही. जे वाचायचे आहे, ते मात्र पटीत.

ही मेहरबानी नव्हे

काहींना वाटेल, म्हातारपणी थोडे कमी दिसणारच, त्याला एवढे काय! पण हे आता सौजन्यापुरते राहिलेले नाही. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ही जागतिक संस्था वेबचे नियम ठरवते. तिच्या डिसेंबर २००८ च्या सुगम्यता निकषांत स्पष्ट म्हटले आहे की मजकूर २०० टक्क्यांपर्यंत, म्हणजे दुप्पट, वाढवता आला पाहिजे, आणि तसे करताना काही हरवता कामा नये, कोणतेही बटण निकामी होता कामा नये. २०१८ च्या सुधारणेत आणखी भर पडली : पान अरुंद झाले तरी वाचताना प्रत्येक ओळीला आडवे सरकावे लागू नये.

आपल्याकडे शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत. तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. शासनाच्या अनेक पानांवर वरच्या कोपऱ्यात लहान-मोठ्या ‘अ’ची बटणे दिसतात, ती याच विचारातून. सोय चांगली आहे. पण ती त्या एकाच पानापुरती चालते, आणि बटण स्वतःच बारीक असते. पानाची मापे रेममध्ये असतील तर ब्राउझरची निवड प्रत्येक पानावर आपोआप लागू होते आणि बटण नसले तरी अडत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यातल्या २१ प्रकारांत अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीही आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या प्रकरणात सांगितले की सुगम्यतेचे नियम ऐच्छिक असून चालणार नाही, ते बंधनकारक हवेत. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या आणि अंध व्यक्तींच्या याचिकांवर निकाल देताना न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. बँकेची ओळखपडताळणी, सरकारी योजना, पेन्शन, सातबारा, सगळेच पडद्यावर गेल्यावर पडदा वाचता येणे ही चैन राहत नाही.

यात सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. ज्याला स्वतःला वाचता येत नाही, तो मोबाइल दुसऱ्याच्या हातात देतो. “जरा बघ रे, काय आलंय?” तो दुसरा घरचा असेल तर ठीक. नसेल तर? ओटीपी, खात्यातली शिल्लक, डॉक्टरचा अहवाल, सगळे परक्याच्या डोळ्यांखालून जाते. ओटीपी कुणाला सांगू नका, असे बुजुर्गांना आपण शंभरदा बजावतो. पण तो त्यांना स्वतः दिसेल एवढे अक्षर आपण करून दिलेले असते का?

या महिन्यात एवढे करा

घरातल्या वडीलधाऱ्यांचा मोबाइल हातात घ्या. सेटिंग्जमध्ये डिस्प्लेखाली फॉन्ट साइज असते, ती त्यांना विचारून वाढवा. आपल्याला बरी वाटते तिथे थांबू नका, त्यांना बरी वाटेल तिथे थांबा. अँड्रॉइड १४ पासून बऱ्याच फोनवर हे अक्षर दुपटीपर्यंत वाढते.

मग क्रोम उघडा. कोपऱ्यातल्या तीन टिंबांवरून सेटिंग्ज, तिथून अ‍ॅक्सेसिबिलिटी. तिथे ‘फोर्स एनेबल झूम’ अशी खूण असते. ती करून ठेवली की झूमवर बंदी घालणारी पानेही दोन बोटांनी मोठी होतात. अम्मींच्या मोबाइलवर ही खूण आधी असती, तर ती ट्रंक जागची हलली नसती.

संगणक असेल तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘अपिअरन्स’खाली फॉन्ट साइज आहे. तात्पुरते मोठे करायला कंट्रोल आणि अधिक, पूर्ववत करायला कंट्रोल आणि शून्य.

आणि मुले-मुली पाने किंवा अ‍ॅप बनवायला शिकत असतील तर त्यांना एक सवय लावा. काम झाले की ब्राउझरचे अक्षर ‘व्हेरी लार्ज’ करून पाहायचे, मग २०० टक्के झूम करून पाहायचे, काही कापले गेले का, काही एकमेकांवर चढले का, ते तपासायचे. अँड्रॉइड अ‍ॅप करत असतील तर तिथे पिक्सेल-रेमऐवजी डीपी आणि एसपी अशी दोन मापे असतात. अक्षराला एसपी द्यायचे, कारण फोनच्या फॉन्ट साइजचे तेच ऐकते. हे सगळे तपासायला पाच मिनिटे लागतात. शेवटची परीक्षा मात्र यंत्राने घ्यायची नाही. पान दादीच्या, नानीच्या हातात द्यायचे आणि गप्प बसायचे. त्यांनी मान पुढे काढली, मोबाइल लांब धरला, की समजायचे, नापास.

लेकीचे पान आता मोहल्ल्यात बऱ्याच मोबाइलवर आहे. पुढच्या पावसाळ्यात एका रात्री पुन्हा नदी चढू लागली. आम्ही उठलो, तर अम्मींच्या खोलीत मोबाइलचा उजेड दिसला. आम्ही दारात उभे राहिलो. चष्म्यावरून आमच्याकडे पाहत त्या म्हणाल्या, “चाळीस फूट आहे. सकाळपर्यंत काही होत नाही. जा, झोपा.”

आम्ही जाऊन झोपलो.